अमीनाबादेतील खोली

जुन्या शाळांचे इतिहास बहुधा इमारतीपासून सुरू होतात. कोनशिला कोणाच्या हस्ते बसली, देणगी कोणी दिली, पहिला मजला कधी पुरा झाला, याची नोंद त्यांत भक्तिभावाने केलेली असते. परंतु काही शाळांच्या आयुष्यात इमारत पुष्कळ उशिरा येते. तिच्याआधी एक वर्ष असे असते की ज्यात नियम ठरलेले नसतात, परंपरेचा आधार नसतो आणि उद्याची खात्रीही नसते. असतात त्या चार-सहा मुली, एक मिळेल ती जागा, आणि आपण नेमके कशासाठी आलो आहोत हे रोज नव्याने ठरवणारी एक व्यक्ती. त्या वर्षी अडचणीपोटी जे घडते, त्याला पुढील पिढ्या 'संस्थेचे ध्येय' म्हणून ओळखू लागतात.

लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयाच्या आयुष्यातील असे वर्ष म्हणजे १८७०. त्या वर्षी १८ एप्रिलला शहराच्या अमीनाबाद बाजारातील एका खोलीत मुलींची एक शाळा भरली. मुली सहा होत्या. मुख्याध्यापिका तीस वर्षांच्या, अमेरिकेतून येऊन जेमतेम तीन महिने झालेल्या. आणि दाराशी काठी घेऊन एक धट्टाकट्टा तरुण उभा होता. कोणी दंगा करायला आलाच तर त्याला थोपवण्यासाठी. दंगा करायला कोणी आले नाही. पण त्या काठीवाल्या तरुणाचा उल्लेख संस्थेच्या स्मृतीतून कधी पुसला गेला नाही, आणि ते योग्यच झाले. शाळेचे पहिले चित्र म्हणून फळा, खडू आणि पाटी यांच्याआधी काठी डोळ्यांसमोर यावी, यात त्या काळाची सारी हकीकत आली.

इझाबेला थोबर्न यांचा जन्म ओहायो राज्यातील एका शेतकरी कुटुंबात २९ मार्च १८४० रोजी झाला. व्हीलिंग येथे त्यांचे शिक्षण झाले आणि पुढे काही वर्षे त्यांनी आपल्याच देशात शिक्षिकेचे काम केले. त्यांचे थोरले बंधू जेम्स १८५९ मध्ये मेथॉडिस्ट मिशनचे धर्मोपदेशक म्हणून उत्तर हिंदुस्थानात आले होते. मिशनने मुलांसाठी शाळा काढल्या, त्यांतून शिकलेले तरुण तयार होऊ लागले. पण त्याच घरांतल्या मुली मात्र निरक्षर राहत होत्या. हे पाहून जेम्स अस्वस्थ झाले. एकदा आमराईत तंबू ठोकून राहिले असताना झाडावरच्या गिधाडाचे एक पीस त्यांच्यापुढे पडले. त्याचीच लेखणी करून त्यांनी बहिणीला पत्र लिहिले आणि या कामासाठी येशील का, असे विचारले. ही आठवण त्यांनी स्वतः सांगितली आहे. बहिणीने होकार कळवायला वेळ लावला नाही. वेळ लागला तो तिला पाठवण्याची व्यवस्था व्हायला. अविवाहित स्त्रियांना परदेशी पाठवण्याची मिशनच्या पुरुषप्रधान मंडळाची तयारी नव्हती. अखेर मार्च १८६९ मध्ये बॉस्टन येथे, भर पावसात जमलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या स्त्रियांनी आपली वेगळी संस्था काढली, आणि त्या संस्थेने पाठवलेल्या पहिल्या दोघींपैकी एक इझाबेला थोबर्न होत्या. दुसऱ्या डॉ. क्लारा स्वेन, त्या वैद्यकीय कामासाठी बरेलीला गेल्या.

१८७०च्या जानेवारीत या दोघी मुंबईच्या बंदरात उतरल्या. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे असे आहे. ज्या शहरात त्या उतरल्या, तेथे अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ मध्येच येऊन पोहोचल्या होत्या आणि पुढे अहमदनगरला मुलींना शिकवण्यात त्यांनी आपले उरलेले आयुष्य घालवले होते. त्यांची नगरची शाळा पाहून जोतीराव फुले यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार बळावला, हे सर्वश्रुत आहे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात शाळा भरली आणि सावित्रीबाईंना वाटेत शेणामातीचा मारा सोसावा लागला. म्हणजे अमीनाबादेतील त्या काठीमागे जी भीती होती, ती काल्पनिक नव्हती. पुण्याच्या रस्त्यावर ती बावीस वर्षांपूर्वी खरी ठरली होती. फरक एवढाच की सावित्रीबाईंसाठी कोणतेही मिशन निधी जमवत नव्हते, आणि ज्यांनी शेण फेकले ते त्यांच्याच गावचे लोक होते. परकी स्त्री शाळा काढते तेव्हा समाज तिच्याकडे संशयाने पाहतो. घरची स्त्री शाळा काढते तेव्हा तो तिला शासन करू पाहतो. इझाबेला थोबर्न यांच्या धैर्याचे मोल करताना हे माप हाताशी असलेले बरे.

लखनौ त्या वेळी मोठ्या आघातातून सावरत होते. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले. नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला जाऊन राहिले. पाठोपाठ १८५७ आले. रेझिडेन्सीच्या भग्न भिंती तोफांच्या गोळ्यांच्या खुणा अंगावर घेऊन तशाच उभ्या होत्या. इंग्रजी शिक्षण मात्र शहरात येऊ लागले होते. ला मार्टिनिएर हे मुलांचे विद्यालय १८४५ पासून चालू होते. १८६९ मध्ये त्याची मुलींची शाखा निघाली, पण ती मुख्यतः युरोपीय आणि युरेशियन मुलींसाठी. कॅनिंग कॉलेजची सुरुवात १८६४ मध्ये अमीनाबादेतच झाली होती. तेथे तालुकदारांचे मुलगे शिकत. एकंदरीत शहरात सर्वांसाठी काही ना काही होते. नव्हते ते या मातीतल्या मुलींसाठी. ज्या बाजारात चिकनच्या कापडाचे सौदे होत, अत्तराच्या कुप्या उघडल्या-मिटल्या जात, त्या बाजारातील एका खोलीने ही उणीव भरून काढायची होती.

पण शाळा भरण्यापूर्वीच नव्या मुख्याध्यापिकेला एका अडथळ्याला तोंड द्यावे लागले, आणि तो अडथळा घरातला होता. लखनौला पोहोचल्यावर बंधूंनी त्यांच्याकडे आपली पत्रे नकलून देण्याचे काम सोपवले. जेम्स थोबर्न कामाच्या ओझ्याखाली दबलेले होते, बहीण सुशिक्षित होती, हस्ताक्षर चांगले होते. यात काही वावगे आहे असे त्यांना वाटले नाही. काही दिवस बहिणीने मुकाट्याने नकला केल्या. मग एके दिवशी तिने शांतपणे सुचवले की या कामासाठी एखादा लेखनिक नेमावा. एवढेच. भांडण झाले नाही, आवाज चढला नाही. पण ते वाक्य बंधूंच्या जिव्हारी लागले. बहिणीला आपण स्वतंत्र कार्यकर्ती न समजता आपल्या सोयीची वस्तू समजत होतो, हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे १९०३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहिणीच्या चरित्रात त्यांनी ही हकीकत मोकळेपणाने नोंदवली आहे आणि तिच्या वेळेला, कामाला व अधिकारांना पुरुष धर्मोपदेशकांच्या इतकेच मोल आहे हे आपण त्या दिवशी शिकलो, अशी कबुलीही दिली आहे.

थोबर्न यांच्या पहिल्या वर्षातील सर्वांत महत्त्वाची घटना कोणती, असे विचारले तर अनेक जण १८ एप्रिलकडे बोट दाखवतील. वस्तुतः ती घटना या नकलांची म्हटली पाहिजे. ज्या स्त्रीला भावाच्या टेबलाशी बसून त्याची पत्रे उतरवून द्यायची आहेत, ती मुलींना स्वतःचे वाक्य लिहायला काय शिकवणार? दुसऱ्याची अक्षरे सुवाच्य करणे हे स्त्रीचे शिक्षण आहे, असे मानणारा एक मोठा वर्ग तेव्हा अमेरिकेतही होता आणि हिंदुस्थानातही. शाळा काढण्याआधी तिच्या मुख्याध्यापिकेने ते शिक्षण स्वतःपुरते नाकारले. हा नकार तिने प्रेमाच्या माणसाला दिला, आणि तोही त्या माणसाच्याच घरात राहून, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची किंमत कळते. दारावरच्या अनोळखी दंगेखोराला काठी दाखवता येते. घरातल्या उपकारकर्त्या भावाला फक्त एक वाक्य सांगता येते, आणि ते सांगायला अधिक बळ लागते.

दुसरा अडथळा त्या छोट्या ख्रिस्ती समाजातलाच होता. ज्या सहा मुली पहिल्या दिवशी आल्या, त्या हिंदी ख्रिस्ती कुटुंबांतील होत्या. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल की धर्म बदललेल्या माणसांनी मुलीला शाळेत धाडण्यास का कचरावे? पण धर्मांतराने माणसाचे पूर्वसंस्कार एका रात्रीत धुऊन निघत नाहीत, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'च्या वाचकाला सांगायला नको. चर्चमध्ये नवी प्रार्थना म्हणणाऱ्या बापाच्या मनात मुलीच्या पुस्तकाविषयी जुनीच धास्ती होती. शिकलेली मुलगी घरात नांदेल का, तिच्याशी लग्न कोण करील, बाजारातून ती ये-जा कशी करील, हे प्रश्न ख्रिस्ती घरांतही तितकेच होते. त्यातच अशा कुटुंबांना आप्तांनी दूर लोटलेले असे. आधीच एकाकी पडलेल्या घराने मुलीला शाळेत पाठवून आणखी बोट दाखवून का घ्यावे? म्हणून त्या पहिल्या वर्षात मुख्याध्यापिकेचे काम वर्गात जितके होते, तितकेच वर्गाबाहेर होते. जिची भाषा आपल्याला धड येत नाही अशा आईसमोर बसून तिच्या लेकीची हमी द्यायची, हे ते काम. अध्यापनशास्त्राच्या ग्रंथात त्याला नाव नाही. पण नव्या शाळेचा पाया त्यावरच बसतो.

अमीनाबादेतील खोली लवकरच अपुरी पडू लागली. १८७१ मध्ये मिशनने लालबाग ही जवळजवळ नऊ एकरांची बाग तिच्यातील घरासह विकत घेतली आणि शाळा तेथे गेली. हे घर पूर्वी अवधच्या शेवटच्या नवाबाच्या खजिनदाराचे होते. इतिहासाला उपरोध कसा साधतो पाहा: जिथे एका बुडालेल्या राज्याच्या धनाचा हिशेब ठेवणारा राहत होता, तिथे आता मुली पाटीवर बेरजा मांडू लागल्या. बागेत येण्याने शाळेला वसतिगृह मिळाले आणि वसतिगृहाबरोबर एक नवा प्रश्नही आला. एका खोलीत दिवसातून काही तास एकत्र शिकणे वेगळे आणि एका छपराखाली रात्रंदिवस राहणे वेगळे. कोणी कोणाशेजारी जेवायचे, कोणाची खाट कोणाच्या खाटेला लागून असायची, हा हिंदुस्थानातील सर्वांत जुना प्रश्न; आणि गोऱ्या समाजातही वर्णाच्या रूपाने तो तितकाच जागता होता. लालबागेत हिंदी ख्रिस्ती मुलींबरोबर युरेशियन मुलीही राहू-शिकू लागल्या, आणि हिंदू-मुसलमान मुलींनाही शाळेचे दार मोकळे राहिले. ज्या शहरात तेरा-चौदा वर्षांपूर्वी काळ्या-गोऱ्यांनी एकमेकांचे रक्त सांडले होते, तेथे ही गोष्ट साधी नव्हती.

येथे पंडिता रमाबाईंची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले, तेव्हा धर्माच्या बाबतीत तटस्थ राहण्याचे आश्वासन दिले होते. पहिले वर्ष लोकांच्या कौतुकात गेले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार म्हणून पाठीशी होती. पण मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला जाऊन बसतात, हे कळल्यावर वादळ उठले. १८९३ मध्ये त्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली नेल्या. थोबर्न यांच्या शाळेवर असा प्रसंग आला नाही, कारण तिने असे आश्वासनच दिले नव्हते. ती उघडपणे ख्रिस्ती शाळा होती. येणाऱ्याने ते जाणूनच यावे, असा तिचा व्यवहार होता. या स्पष्टपणाला एक प्रामाणिकपणा आहे, तशी एक मर्यादाही आहे. रमाबाईंना आपला समाज आणि आपली श्रद्धा या दोन्हींशी एकाच घरात राहून इमान राखायचे होते. थोबर्न यांना त्या पेचात कधी पडावे लागले नाही. परकेपणाने त्यांच्या वाटेत जशा अडचणी आणल्या, तशीच त्यांना एक मोकळीकही दिली. आणि या मोकळिकीचा हिशेब मिशनच्या गौरवग्रंथांत सहसा मांडला जात नाही.

असाच दुसरा एक हिशेब अधिक काळ थकला. १८८६ मध्ये लालबागेत महाविद्यालयीन वर्ग सुरू झाले. गोरखपूरहून आलेली लीलावती सिंग तेथेच वाढली, शिकली आणि तेथेच साहित्य शिकवू लागली. १८९९-१९०० मध्ये थोबर्न तिला घेऊन अमेरिकेत निधीसाठी फिरल्या. न्यूयॉर्कच्या परिषदेत तिचे भाषण ऐकून माजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी असे उद्गार काढले की, आपण मिशनला दहा लाख डॉलर दिले असते आणि त्यातून ही एकच स्त्री निर्माण झाली असती, तरी पैसा सार्थकी लागला असे मानले असते. हे कौतुक मनापासूनचे होते. पण त्यात दात्याचा स्वर आहे हे नाकारता येत नाही. लीलावती सिंग हा कोणाच्या गुंतवणुकीचा परतावा नव्हता. परत आल्यावर पुढच्याच वर्षी, १ सप्टेंबर १९०१ रोजी, इझाबेला थोबर्न पटकीने लखनौतच वारल्या. महाविद्यालयाला त्यांचे नाव मिळाले. लीलावतीला मात्र प्राचार्यपद कायमचे मिळाले नाही. १९०९ मध्ये ती अमेरिकेत वारली. त्यानंतरही तीस वर्षे त्या खुर्चीवर परदेशी स्त्रियाच बसत राहिल्या. १९३९ मध्ये कॉन्स्टन्स प्रेमनाथ दास या महाविद्यालयाच्या पहिल्या हिंदी प्राचार्या झाल्या. अमीनाबादच्या खोलीपासून मोजले तर एकोणसत्तर वर्षे झाली होती.

या एकोणसत्तर वर्षांचा दोष पहिल्या मुख्याध्यापिकेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण जिने भावाची लेखनिक होण्यास तीन महिन्यांच्या आत नकार दिला, तिच्या संस्थेला हिंदी स्त्रीवर पूर्ण विश्वास टाकायला दोन पिढ्या लागाव्यात, ही विसंगती डोळ्याआड करता येत नाही. स्वतःचा अधिकार ओळखणे ही पहिली पायरी. तो दुसऱ्याच्या हाती सोपवणे ही त्याहून अवघड. कॉन्स्टन्स दास यांचे पहिले वर्ष त्यामुळे निराळ्या प्रकारचे होते. त्यांच्यासमोर रिकामी खोली नव्हती. १९२३ पासून महाविद्यालय गोमतीपलीकडे चांदबागेतील प्रशस्त आवारात नांदत होते. त्यांच्यासमोर होती ती भरलेली इमारत, ठरलेले नियम आणि आजवर परक्या हातांनी चालवलेला कारभार. त्या वर्षी सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्या त्याच संस्थेच्या जुन्या विद्यार्थिनी, पुढे अमेरिकेतील गाउचर महाविद्यालयाच्या पदवीधर. ज्या बाकावर कधी काळी आपण बसलो, त्याच्या समोरची खुर्ची आपली आहे हे स्वतःला आणि इतरांना पटवणे, हे त्यांचे पहिल्या वर्षाचे काम होते. १९४५ मध्ये त्यांच्या जागी मूळच्या केरळच्या सारा चाको आल्या. त्या पुढे १९५१ मध्ये जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळात निवडल्या गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. वाट एकदा मोकळी झाल्यावर किती लांब जाता येते, याचा हा दाखला.

आणि तरीही, या शाळेचे खरे फलित शोधू गेले तर ते चर्चच्या वृत्तांतात नाही, उर्दू साहित्याच्या इतिहासात सापडते. 'अंगारे' या १९३२च्या संग्रहात लिहून गदारोळ उठवणाऱ्या डॉ. रशीद जहाँ याच महाविद्यालयात शिकल्या; संयुक्त प्रांताच्या सरकारने १९३३ मध्ये त्या संग्रहावर बंदी घातली. 'लिहाफ' या १९४२च्या कथेबद्दल लाहोरच्या न्यायालयात उभ्या राहिलेल्या इस्मत चुग़ताई येथूनच बी.ए. झाल्या. इंग्रजीत लिहिणाऱ्या अतिया हुसेन आणि 'आग का दरिया'च्या लेखिका क़ुर्रतुलऐन हैदर याही इथल्याच. चौघीही मुसलमान घरांतल्या. त्यांतल्या काहींनी असे लिहिले की जे वाचून मिशनच्या सभ्य गृहिणींनी पुस्तक मिटून ठेवले असते. इझाबेला थोबर्न यांना हे पाहायला मिळाले असते तर काय वाटले असते, हे सांगणे कठीण आहे. त्यांची स्वतःची श्रद्धा दृढ होती, आणि आपल्या मुलींनी त्या श्रद्धेच्या वाटेने जावे हीच त्यांची इच्छा असणार. पण शिक्षिका मुलीच्या हाती लेखणी देते. त्या लेखणीतून काय उतरेल यावर तिचा ताबा राहत नाही, आणि ज्या शाळेत तो राहतो तिथे लेखणी दिलेलीच नसते, नक्कल करायला कागद दिलेला असतो.

अमीनाबाद आजही गजबजलेले आहे. त्या गर्दीत सहा मुलींची ती खोली नेमकी कोठे होती, हे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मनातही येत नाही. त्या सहा मुलींची नावे ना कोनशिलेवर आहेत, ना ग्रंथांच्या सूचींत. दारावर उभ्या असलेल्या त्या तरुणाचे नावही कोणाच्या तोंडी नाही. एप्रिलच्या त्या सकाळी उन्ह चढत गेले असेल, बाजारातली दुकाने एकेक करून उघडली असतील. तो तरुण काठी टेकून वाट पाहत राहिला असेल. आत मुली अक्षरे घोकत होत्या आणि बाहेरून कोणी आले नाही. शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरली.